मदत हवी आहे: देखभालीचं सॉफ्टवेअर बंद पडलंय, ऑडिट डोक्यावर

त्रस्त_लिपिक: सोमवारी उत्तर द्यायचंय, म्हणून थोडक्यात लिहितो. इमारत देखभालीचं सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वी बंद झालं. करार संपला, कंपनीने सर्व्हर उचलला. आता ऑडिटवाल्यांचा अर्धसमास, म्हणजे लेखी आक्षेप, आलाय, नोंदी दाखवा म्हणून. कपाटात एक हार्डडिस्क सापडली, तिच्यात 6 जीबीची फाइल आहे. उघडत नाही. कशी उघडायची?

खडीवाला: कुठलं ऑफिस, पीडब्ल्यूडी की झेडपी? फाइलच्या नावाचं शेपूट काय? आणि 'उघडत नाही' म्हणजे डबल क्लिक करून बघितलं, एवढंच ना?

सातबारा: सरळ माहिती अधिकार टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील.

खडीवाला: अहो, ते स्वतःच सरकारी ऑफिसात बसलेत. अर्ज कुणाला करायचा, शेजारच्या टेबलाला? आणि 30 दिवस? सोमवार म्हणालेत ते.

सातबारा: कायदा 2005 चा आहे, लोकांना अजून वापरता येत नाही. असो.

कौलारू: आमच्याकडे मी तेव्हाच सांगितलं होतं, एक्सेल ठेवा. एक्सेल कुठे जात नाही. बाकी, शाळेच्या कौलांवर मांजरं नाचून गळती होते, त्यावर पत्रे टाकले तर चालतील का?

त्रस्त_लिपिक: झेडपी. शेपूट .बॅक. कृपया विषयावर बोला.

डेटाबाबा: ही एसक्यूएल सर्व्हरची बॅकअप फाइल दिसतेय. एक्सप्रेस आवृत्ती फुकट मिळते, 2022 च्या आवृत्तीत 10 जीबीपर्यंतचा डेटाबेस चालतो. रिस्टोअर करा. फक्त बॅकअप ज्या आवृत्तीत घेतलाय तिच्यापेक्षा जुनी टाकू नका, घेणार नाही. आधी फाइलची कॉपी काढा, मूळ डिस्कला हात लावू नका.

निवृत्त_लेखाधिकारी: फाइल उघडेल तेव्हा उघडेल. झेडपी म्हणजे स्थानिक निधी लेखापरीक्षेवाले आलेत. आक्षेप नक्की कशावर आहे, सॉफ्टवेअरच्या खर्चावर की दुरुस्तीच्या? शब्दशः टाका.

त्रस्त_लिपिक: 'प्रणाली बंद असल्याने दुरुस्तीच्या कामांची पडताळणी करता आली नाही.' शाळा आणि आरोग्य केंद्रं मिळून 41 कामं.

निवृत्त_लेखाधिकारी: मग दुरुस्तीच्या खर्चावर आहे. सॉफ्टवेअरचं दुःख कशाला करताय? पैसे एमबीवर, म्हणजे मोजमाप पुस्तकावर दिलेत, स्क्रीनवर नाही. प्रत्येक कामाचा कार्यादेश, एमबीचा क्रमांक आणि पान, देयक आणि व्हाउचर असा तक्ता करा. तक्रार मुख्याध्यापकांच्या पत्राने आली असेल तर आवक नोंदवहीत क्रमांक मिळेल, तोही जोडा. उत्तर गेलं नाही तर ऑडिट अहवालात परिच्छेद लागतो, आणि विधिमंडळाची पंचायती राज समिती आली की सीईओ साहेब साक्षीला बसतात. मग साहेब कुणाकडे बघतात ते सांगायला नको.

डेटाबाबा: पण डेटा असताना हाताने कशाला? अर्ध्या तासाचं काम आहे.

निवृत्त_लेखाधिकारी: तुमच्या रिस्टोअरवर अभियंत्याची सही असते का? एमबीत असते. यादी लवकर मिळावी म्हणून करा रिस्टोअर, पुरावा म्हणून नको.

त्रस्त_लिपिक: तक्ता करायला घेतला. 38 कामांचं जुळतंय. बाकी तीन कामांच्या एमबी आधीच्या शाखा अभियंत्याकडे आहेत. त्यांची बदली झाली, त्या चार्जमध्ये दिल्याच नाहीत.

निवृत्त_लेखाधिकारी: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ना! एमबीची ने-आण रजिस्टर बघा, त्यांची शेवटची सही कुठली आहे. आजच त्यांना पत्र द्या आणि जावक क्रमांक उत्तरात लिहा.

कौलारू: पत्र्यांचं राहिलंच.