मदत हवी आहे: टोपणनावाने लिहिताना पुरावा कसा दाखवावा?

महापालिकेच्या रस्तेकामाच्या बिलांवर टोपणनावाने लिहायचं आहे. फोटोतली जीपीएसची नोंद, वर्ड फाइलमधलं लेखकाचं नाव काढून टाकता येतं. खरी अडचण माहिती अधिकारातल्या उत्तराची. त्यावर अर्जदाराचं नाव-पत्ता असतो. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी होऊ शकतो, म्हणून पट्टी ओढून पान चित्ररूपातच द्यावं लागतं. पण अर्ज क्रमांकही झाकला तर वाचकाने खातरजमा कशी करायची? आणि ठेवला, तर कार्यालय लगेच अर्जदारापर्यंत पोचतं. पुराव्याशिवाय कुणावर आरोप करणं मला पटत नाही.

२०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षेचं) रद्द झालं, तरी बदनामीचं कलम (भारतीय न्याय संहिता, ३५६) आहेच. त्यातला सत्य आणि लोकहिताचा अपवाद नाव उघड न करता मांडता येतो का? वकील मंडळींनी कृपया सांगावं.