बाहेरून टेलनेटने लॉगिन करून मेल वाचले तर चालेल का?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी, आमचं सातपूर एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, मेल एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर येतात आणि तिथेच अल्पाइन या टेक्स्टवाल्या मेल प्रोग्राममध्ये वाचतो. आता बाहेरून पण बघायचेत, कधी कॉलेज रोडला कॅफेत बसलेलो असतो, कधी कसारा घाटात गाडीत. सर्व्हर सांभाळणारा म्हणतो टेलनेट (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची जुनी पद्धत) चालू करतो, राउटरवर त्याचा २३ नंबरचा पोर्ट, म्हणजे दरवाजा, उघडला की झालं. पासवर्ड आहेच ना, मग भीती कसली? वेबमेल नको, घाटात पेजच उघडत नाही.

गोदाकाठ:
अहो अजिबात नको!! टेलनेटमध्ये सगळं उघडं जातं, पासवर्ड पण आणि मेल पण. खोटं वाटत असेल तर ऑफिसातच वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारा प्रोग्राम) लावून स्वतःचं लॉगिन पकडून बघा, युजरनेमचं प्रत्येक अक्षर डबल दिसतं कारण सर्व्हर ते परत पाठवतो, पासवर्ड परत येत नाही म्हणून सिंगल, म्हणजे चोराला तो शोधायचे पण कष्ट नाहीत. १९९५ मध्ये हेलसिंकी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत असेच पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथल्याच तातू युलोनेनने एसएसएच लिहिलं, त्यात लॉगिन नि बाकी सगळं कुलूपबंद जातं. तेच वापरा, अल्पाइन आहे तसंच चालेल.

रात्रपाळी:
एसएसएच बरोबर, पण नुसता त्याचा २२ नंबरचा पोर्ट उघडून पासवर्डवर ठेवलात तर लॉग बघून झोप उडेल, रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं लावून बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) दिवसरात्र ठोकत असतात. की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) बनवा, कीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड द्या, रूट (सर्व्हरचं मुख्य खातं) लॉगिन बंद करा. पासवर्ड लॉगिन बंद करताना एक सेशन चालू ठेवून दुसऱ्या विंडोतून की चालते का बघा, नाहीतर स्वतःच बाहेर बसाल. आणि तो टेलनेटवाला माणूस बदला राव, २०१६ ला मिराई नावाच्या मालवेअरने उघडे टेलनेट पोर्ट शोधूनच कॅमेरे नि राउटर ताब्यात घेतले होते.

सातपूरकर:
ओके, टेलनेट कॅन्सल. पण एसएसएच पहिल्यांदा लावलं की फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या ओळखीचा कोड) दाखवून यस की नो विचारतं, तिथे सरळ यस करायचं ना?

गोदाकाठ:
तिथेच तर लोक फसतात. पहिलं कनेक्शन ऑफिसातूनच करा, सर्व्हरच्या स्क्रीनवरचा फिंगरप्रिंट जुळवा, मग यस. पुढे कधी कॅफेत बसल्यावर होस्ट की (सर्व्हरची ओळखीची किल्ली) बदलली अशी मोठी वॉर्निंग आली तर लॅपटॉप बंद करून चहा प्या, लॅपटॉपवर साठवलेली जुन्या होस्ट कीची लाइन डिलीट करून पुढे जाऊ नका. सर्व्हर नवीन टाकला असेल तरी तशीच वॉर्निंग येते, म्हणून आधी फोन करून विचारा. आणि सायबर कॅफेच्या पीसीवरून लॉगिन नकोच, टाइप केलेलं सगळं टिपणाऱ्या कीलॉगरपुढे एसएसएच काय करणार.

रात्रपाळी:
अजून एक, एसएसएचने फक्त तुमच्यापासून सर्व्हरपर्यंतचा रस्ता झाकला जातो, डिस्कवर मेल साधेच पडलेले असतात, ज्याच्याकडे रूट आहे तो सगळे वाचू शकतो. कोटेशन वगैरे असेल तर ते लक्षात ठेवा.

सातपूरकर:
बरं. आणि मराठी मेलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसतात त्याचं काय?

गोदाकाठ:
सर्व्हरवरचा लोकेल (भाषेचं सेटिंग) आणि तुमचं टर्मिनल (लॉगिनची विंडो) दोन्ही यूटीएफ-८ वर, म्हणजे मराठी अक्षरं चालणाऱ्या एन्कोडिंगवर आहेत का बघा. वेलांट्या थोड्या सरकतील, वाचता येईल.