चर्चा: नेतृत्व शिकवताय, मग विद्यार्थी निवडणूक का नाही?

तिखट_मिसळ: काल आमच्या कॉलेजात 'नेतृत्व विकास' कार्यशाळा झाली. गटागटानं वर्तमानपत्राच्या कागदाचे मनोरे बांधले, प्रमाणपत्र घेतलं, पुलाव खाल्ला. बाहेर आलो तर दुसऱ्या मजल्यावरचा पिण्याच्या पाण्याचा नळ तीन आठवडे बंद तो बंदच. सांगायचं कुणाला? सीआर (वर्ग प्रतिनिधी) कोण, हे वर्गालाच ठाऊक नाही.

१९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या, गुणवत्ता यादीवरून प्रतिनिधी नेमायला लागले. २०१६च्या कायद्यात अध्यक्ष, सचिव थेट मतदानानं निवडायची तरतूद आली. २०१९ला वेळापत्रक निघालं आणि विधानसभेचं कारण देऊन पुढे ढकललं. माझं तिसरं वर्ष संपत आलं, आमदाराला मत देऊन झालं, कॉलेजच्या जीएसला (जनरल सेक्रेटरीला) नाही.

माजी_जीएस: बाळा, तू ते दिवस पाहिले नाहीस. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, बंदी उगाच नाही आली. पुढे यूआरच्या (विद्यापीठ प्रतिनिधीच्या) निवडणुकीत मतदारांची पळवापळवी. आमच्या वेळी मतदार पोरं आठवडाभर पानशेतला 'सहलीला'. मटण फुकट, घरी फोन करायला बंदी.

तिखट_मिसळ: काका, मतदार मूठभर होते म्हणून गाडीत मावले. चार हजार पोरं कोण पानशेतला नेणार?

माजी_जीएस: नेणार नाहीत, विकत घेतील.

पेठेतला_पोस्टर: विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं २००६मध्ये उमेदवाराला पाच हजारांच्या खर्चाची मर्यादा घातली, छापील पोस्टरही नको म्हणाली. पुण्यात पाच हजारांत? इथे फ्लेक्स निवडणुकीचा नसतोच, दादांच्या वाढदिवसाचा असतो. खाली उमेदवाराचा हसरा फोटो, 'शुभेच्छुक' म्हणून. तो खर्च कुणाच्या नावावर घालणार?

होस्टेल_खोली_१२: मी वर्षभर मेस कमिटीत होते. पोळ्या कच्च्या येतात म्हणून पहिले दोन महिने नुसती भांडले. मग ठेकेदाराचा करार मागून वाचला. तक्रार तीनदा लेखी नोंदली की दंड, असं त्यात होतं. वही केली, तारखा टाकल्या. तिसऱ्या नोंदीनंतर नवा आचारी आला. (पोळ्या ठीक, आमटी अजून पाणीच.)

म्हणून शिबिराला माझा विरोध नाही, पण ते निवडून आलेल्यांना द्या. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला कायद्यानं विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) जागा आहे. त्याला अर्थसंकल्पातला विद्यार्थी कल्याणाचा आकडा शोधता यायला हवा. मनोरे काय करायचेत?

माजी_जीएस: हिचं पटलं. निवडणुकीचं नाही पटलं, ते लिहून ठेव.

पेठेतला_पोस्टर: नळाचं काय झालं पण?

तिखट_मिसळ: अर्ज करायचाय. कुणाच्या सहीनं, यावरच वर्गात वाद चाललाय.

माजी_जीएस: वर्गातल्या सगळ्यांच्या घे. दोन प्रती काढ, एकीवर ऑफिसचा शिक्का मारून पोच घे. तोंडी सांगितलेलं तिथे कुणी ऐकत नाही.