कायझर-फ्रेझरची जुनी एजन्सी कशी ओळखायची? (मिशिगन, १९४६ ते ५०)

मिशिगनवासी
नमस्कार मंडळी. इप्सिलँटीपासून तासाभरावरच्या एका लहान गावात मुख्य रस्त्यावर विटांची एकमजली इमारत आहे. पुढे रस्त्याच्या बाजूने मोठ्या काचा, मागे गॅरेज, आणि बाजूच्या भिंतीवर रंग उडालेली 'कायझर' ही अक्षरं. म्हणजे ही कायझर-फ्रेझर या मोटार कंपनीची जुनी एजन्सी, गाड्या विकायचं दुकान. गावच्या इतिहास मंडळाला हिच्यावर नोंद लिहायची आहे, शिवाय इमारत विकत घ्यायचाही विचार चालू आहे. एजन्सी नेमकी कधी सुरू झाली आणि कधी बंद पडली, हे कागदावर कसं सिद्ध करायचं? गावात सगळे "दोन-तीन वर्षंच चालली" म्हणतात. इतक्या लवकर का बंद पडली असेल? एका जुन्या जाहिरातीत फ्रेझर गाडीसोबत 'ग्रॅहॅम-पेज' हे नाव दिसतं. ती वेगळी एजन्सी समजायची का?

जुनीचाके
सुरुवात शहराच्या डिरेक्टरीपासून करा, म्हणजे रहिवासी आणि दुकानांच्या नाव-पत्त्यांच्या छापील पुस्तकापासून. पोक कंपनीच्या डिरेक्टऱ्या काउंटीच्या वाचनालयात मिळतात. वर्गीकृत विभागात 'ऑटोमोबाइल डीलर्स' शोधाच, पण रस्त्यानुसार वेगळी यादी असते तिथे इमारतीचा क्रमांक काढा. मालकाचं नाव बदललं तरी पत्ता बदलत नाही, म्हणून पत्त्यावरून मागे जाणं जास्त भरवशाचं. १९४१ पासून १९५२ पर्यंतचे जेवढे अंक मिळतील तेवढे ओळीने बघा. डिरेक्टरीची माहिती छापण्याआधी काही महिने गोळा होते, त्यामुळे १९४७ च्या अंकात नाव असेल तर दुकान १९४६ मध्येच उघडलेलं असू शकतं. लहान गावांत दरवर्षी अंक निघत नसे, म्हणून एखाद्या वर्षी नाव नाही याचा अर्थ दुकान बंद असा लगेच काढू नका.

मग सॅनबॉर्नचे आगविम्याचे नकाशे. त्यांत विटांची इमारत गुलाबी रंगात, लाकडी पिवळ्या. आत 'ऑटो सेल्स अँड सर्व्हिस', किती गाड्या मावतात, जमीन काँक्रीटची आहे का, पेट्रोलची टाकी कुठे, हे सगळं लिहिलेलं असतं. इथे एक चूक हमखास होते. कंपनी नवा नकाशा न काढता विसाच्या दशकातल्या नकाशावर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवत असे. मुखपृष्ठावरचं साल धरलं तर इमारत वीस वर्षं जुनी ठरते. दुरुस्त्यांची नोंद आधी वाचा, आणि शक्य असेल तर मूळ प्रत बघा, कारण स्कॅनमध्ये चिठ्ठीची कड दिसत नाही.

स्थानिक वर्तमानपत्र १९४६ च्या उन्हाळ्यापासून चाळा. कायझर-फ्रेझरच्या विलो रन कारखान्यातून गाड्या त्याच सुमारास बाहेर पडू लागल्या. विक्रेत्याच्या नेमणुकीची जाहिरात आधी येते आणि गाडी नंतर, त्यामुळे दोन्ही तारखा वेगळ्या नोंदवा. बंद पडल्याची तारीख मात्र जाहिरातीत सापडत नाही. त्यासाठी काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे (मालमत्तेचे दस्त नोंदवणारं कार्यालय) गहाणखतं आणि विक्रीखतं बघा.

फ्लॅटहेड
जुनीचाके यांच्या यादीत 'शेती अवजारे' हे शीर्षकही घाला. ग्रॅहॅम-पेज रोटोटिलर हे नांगरणीयंत्र बनवत असे, आणि खेड्यातला विक्रेता डिरेक्टरीत त्या शीर्षकाखालीही सापडू शकतो.

ग्रॅहॅम-पेजचं नाव दिसलं म्हणून वेगळी एजन्सी समजू नका. जोसेफ फ्रेझर ग्रॅहॅम-पेजचे प्रमुख होते. १९४५ मध्ये त्यांनी हेन्री जे. कायझर यांच्याबरोबर नवी कंपनी काढली. सुरुवातीच्या फ्रेझर गाड्या ग्रॅहॅम-पेजच्या नावाने निघाल्या, कायझर गाड्या कायझर-फ्रेझरच्या, आणि दोन्ही एकाच विलो रन कारखान्यात, जिथे फोर्डने युद्धात बी-२४ बॉम्बर बनवले होते. फेब्रुवारी १९४७ मध्ये ग्रॅहॅम-पेजने मोटारींचा धंदा कायझर-फ्रेझरकडे सोपवला. म्हणजे तुमची जाहिरात बहुधा त्याआधीची आहे, आणि तारीख ठरवायला हा चांगला धागा आहे.

आता मुख्य प्रश्न, एजन्सी इतक्या लवकर का मिटली. सगळा दोष विक्रेत्यावर टाकला जातो, ते मला पटत नाही. जानेवारी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात गाड्या दाखवल्या, तेव्हा कायझर ही पुढच्या चाकांना जोर देणारी स्वस्त गाडी असणार होती आणि फ्रेझर ही वरच्या वर्गातली. विक्रेत्याच्या दृष्टीने हे गणित उत्तम होतं, एका छताखाली दोन वेगळे ग्राहक. पण पुढच्या चाकांची योजना खर्चापायी आणि तांत्रिक अडचणींमुळे रद्द झाली. प्रत्यक्षात आल्या त्या दोन जुळ्या गाड्या. तोच १२३.५ इंची व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर), तेच २२६ घनइंचांचं काँटिनेंटलचं सहा सिलिंडर फ्लॅटहेड इंजिन, तेच १०० अश्वशक्ती. फरक पुढच्या जाळीचा, सजावटीचा आणि किमतीचा. स्वस्त म्हणवलेली कायझरसुद्धा १९४७ मध्ये २,१०० डॉलरच्या घरात गेली. म्हणजे ब्यूइक सुपरच्याही वर!

तरी १९४७-४८ मध्ये माल खपला. फेब्रुवारी १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेत खासगी गाड्या बनतच नव्हत्या, लोक रांगेत उभे होते. विलो रनमधून १९४७ मध्ये सुमारे १,४४,००० आणि १९४८ मध्ये सुमारे १,८१,००० गाड्या बाहेर पडल्या. पण अशा काळात उभ्या राहिलेल्या दुकानाला विक्रीची सवय लागत नाही, वाटपाची लागते. फोर्ड-शेव्हरलेच्या जुन्या एजन्सीकडे वापरलेल्या गाड्यांचं मोठं आवार असे, जुनी गाडी बदल्यात घेऊन ती पुन्हा विकता येई. कायझरच्या नव्या विक्रेत्याकडे बहुतेक वेळा ती जागाही नसे आणि ते भांडवलही नसे.

मग २० सप्टेंबर १९४८ ला फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचं, हप्त्यांच्या खरेदीवर बंधन घालणारं रेग्युलेशन डब्ल्यू परत आलं. गाडीच्या किमतीचा एक तृतीयांश आधी भरायचा, आणि १,००० डॉलरच्या वरचं कर्ज १८ महिन्यांत फेडायचं. २,२०० डॉलरच्या गाडीला सुमारे ७३५ डॉलर आधी आणि व्याज सोडून महिन्याला ८० च्या वर हप्ता. मध्यमवर्गीय गिऱ्हाईक तिथेच गळलं. त्याच हंगामात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही मोठ्या कंपन्यांची नवी मॉडेलं बाजारात उतरली, तर कायझरकडे जुन्याच गाडीला नवी जाळी. आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन नाही, ऑटोमॅटिक गेअर नाही (तो १९५१ च्या मॉडेलला मिळाला). फ्रेझर यांनी उत्पादन कमी करा म्हणून सांगितलं, कायझर यांनी ऐकलं नाही. १९४९ मध्ये उत्पादन ६०,००० च्या आसपास कोसळलं, किमती उतरवूनही गाड्या पडून राहिल्या.

शोरूममधली प्रत्येक गाडी बँकेच्या कर्जावर उभी असते. ती ९० दिवस हलली नाही की व्याज नफा खातं. जनरल मोटर्सच्या विक्रेत्यामागे त्यांची स्वतःची वित्तकंपनी होती, इथे तसं पाठबळ नव्हतं. आरएफसी या सरकारी कर्जसंस्थेने १९४९ मध्ये कंपनीला ३.४४ कोटी डॉलर दिले, आणि विक्रेत्यांकडच्या मालाच्या कर्जासाठी वेगळे १ कोटी. अनेक दुकानांसाठी ते उशिरा आले.

मिशिगनवासी
फार मोलाची माहिती. मंडळाकडे एजन्सीसमोरचा एक तारीख नसलेला फोटो आहे, तीन गाड्या उभ्या. आणि एका विक्रेत्याकडे 'कायझर-फ्रेझर'ची इनॅमलची पाटी विकायला आहे, ती खरी की नवी हे कसं कळणार? इमारतीत मागे तेलाचा वास येणारा एक बंद खड्डाही आहे.

जुनीचाके
फोटोत आधी ग्राहकांच्या गाड्या बघा. त्या काळी मिशिगनच्या नंबरप्लेटवर साल असे, भिंगातून किंवा मोठं स्कॅन काढून ते वाचता येतं. शोरूमच्या गाडीवरून फक्त "याच्या आधीचा नाही" एवढंच कळतं. जाळी रुंद आणि जाड, मागचे दिवे मोठे, तर १९४९ चं मॉडेल, म्हणजे फोटो १९४८ च्या शरदाच्या आधीचा नाही. मागून दोन पल्ल्यांत वर-खाली उघडणारी कायझरची ट्रॅव्हलर ही गाडी दिसली तरी तेच. तिचं मागचं डावं दार कायमचं बंद असे, कारण आतून त्याला स्टेपनी टेकवलेली असे.

खुद्द गाडी सापडली तर तिच्या मॉडेल क्रमांकावर जा: के१०० आणि के१०१ हे १९४७ चे कायझर, के४८१-४८२ हे १९४८ चे, के४९१-४९२ हे १९४९ चे. के५०१ दिसला म्हणून एजन्सी १९५० मध्ये जोरात होती असं लिहू नका. न खपलेल्या १९४९ च्या गाड्यांना नवा क्रमांक लावून १९५० च्या म्हणून विकलं गेलं.

पाटीबद्दल: खऱ्या इनॅमलला प्रत्येक रंगाचा थर वेगळा भाजलेला असतो, कडेवर नख फिरवलं की रंगांच्या पायऱ्या लागतात. स्क्रू घट्ट आवळल्याने भोकांभोवती टवके उडालेले असतात आणि तिथला गंज आतून, पत्र्यातून आलेला असतो. नव्या पाटीत टवके सोयीच्या जागी असतात, गंज वरून फासल्यासारखा आणि भोकाची आतली कड चकचकीत. पाटीला नळ्यांचे दिवे होते असं विकणारा म्हणत असेल तर मागे विजेच्या तारांची भोकं आणि कंस दाखवायला सांगा.

मातीपाणी
खड्ड्याचं आधी बघा, नोंद नंतर लिहिता येईल. तो बहुतेक हायड्रॉलिक लिफ्टचा आहे. सिलिंडर जमिनीत खोल असतो आणि तेल वर्षानुवर्षं मातीत झिरपतं. तीन गोष्टी शोधा: लिफ्ट, पेट्रोलची जमिनीखालची टाकी (सॅनबॉर्नवरच्या खुणेवरून आणि फुटपाथजवळ भरण्याच्या झाकणावरून सापडते) आणि गॅरेजच्या जमिनीतली मोरी कुठे जाते ते. ती गटाराऐवजी शोषखड्ड्यात जात असेल तर सर्वांत वाईट, कारण धुण्याचं सॉल्व्हंट तिथेच गेलेलं असतं.

खरेदीआधी पहिल्या टप्प्याची पर्यावरण पाहणी करून घ्या, शंका आली तर मातीचे नमुने. प्रदूषण सापडलं तर मिशिगनमध्ये 'बेसलाइन एन्व्हायर्नमेंटल असेसमेंट' (जागा आधीच किती दूषित होती याची नोंद) करावं लागतं, तेही खरेदी किंवा ताबा यांतलं जे आधी होईल त्यापासून ४५ दिवसांच्या आत, आणि सहा महिन्यांत राज्याच्या पर्यावरण विभागाकडे द्यायचं. मुदत चुकली तर आधीच्या मालकांनी केलेल्या घाणीची जबाबदारी मंडळावर येऊ शकते. खड्ड्यात स्वतः उतरू नका, वाफा साचलेल्या असतात.

फ्लॅटहेड
आतली मांडणी कशी असे हे बघायचं तर इप्सिलँटीचं ऑटोमोटिव्ह हेरिटेज म्युझियम गाठा. ती मूळची हडसनची एजन्सी, पण शोरूम पुढे, सुटे भाग आणि गॅरेज मागे ही रचना तीच, आणि कायझर-फ्रेझरच्या गाड्याही तिथे आहेत.

नोंदीत आपल्याकडचा एक दुवा घालता येईल. १९५० च्या शरदात आलेल्या स्वस्त हेन्री जे गाडीचं चार सिलिंडरचं १३४ घनइंची इंजिन विलीज-ओव्हरलँडचं होतं, म्हणजे मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून जुळवायला घेतलेल्या जीपच्याच घराण्यातलं. १९५३ मध्ये कायझरनेच विलीज विकत घेतली. मात्र तुमच्या गावातलं दुकान हेन्री जे येईपर्यंत बंद झालेलं असू शकतं, म्हणून तिचा उल्लेख डिरेक्टरीत १९५१ नंतरही त्याच पत्त्यावर हीच एजन्सी दिसली तरच करा.