स्टार्च फिल्ममध्ये सेल्युलोज नॅनोफायबर : सल्ला हवा आहे

रानवारा :
नमस्कार मंडळी. सुक्या पदार्थांच्या पाकिटांसाठी मक्याच्या स्टार्चची फिल्म करतेय. मऊपणासाठी घातलेलं ग्लिसरॉल कमी पडलं की फिल्म तडकते, जास्त झालं की चिकट आणि लिबलिबीत होते. सेल्युलोज नॅनोफायबरने (वनस्पतींमधल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू) ताकद वाढते असं वाचलं. कोरडी पावडर घेऊ की ओली जेल? आणि किती घालू?

धागादोरा :
जेलच घ्या. हे तंतू एकदा पूर्ण वाळले की हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून बसतात, मग पाण्यात कितीही ढवळा, पुरते सुटत नाहीत. फिल्ममध्ये गुठळ्या राहतात आणि ताण दिला की नेमकी तिथूनच फाटते.
जेल आधी पाण्यात हाय-शियर मिक्सरने (खूप वेगाने कातरत ढवळणारा मिक्सर) नीट पसरवा, मग स्टार्च आणि ग्लिसरॉल घाला, आणि त्यानंतरच ढवळत ९० अंशांपर्यंत तापवा. खळ झाल्यावर जेल घातली तर दाटपणामुळे ती सारखी मिसळत नाही. ओतण्याआधी व्हॅक्यूमने बुडबुडे काढायला विसरू नका.
स्टार्चच्या कोरड्या वजनाच्या २ टक्क्यांपासून सुरू करा, ५ च्या पुढे जायची घाई नको. तंतूंचे पुंजके होऊ लागले की ताकद उलट घटते.

पानफूल :
+१. ग्लिसरॉल स्टार्चच्या कोरड्या वजनाच्या २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास ठेवून पाहा.
एक कळकळीची विनंती, तुकडे ५० टक्के आर्द्रतेत दोन दिवस ठेवल्याशिवाय ताणचाचणी करू नका. पाणीसुद्धा स्टार्चला मऊ करतं, त्यामुळे दमट आणि कोरड्या हवेतले आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात काही अर्थच नसतो. आणि तीच चाचणी काही आठवड्यांनी परत घ्या. स्टार्चच्या साखळ्या हळूहळू पुन्हा स्फटिकासारख्या रचल्या जातात आणि फिल्म कडक होत जाते. ताज्या फिल्मवरून पाकिटाचा भरवसा देता येत नाही.

रानवारा :
खूप आभार! ओल्या पदार्थांसाठी चालेल का?

धागादोरा :
नुसती अशीच, नाही. सेल्युलोजही पाणी धरणारंच. तंतूंमुळे बाष्पाची वाट लांबते, पण पाण्यात फिल्म फुगतेच. सायट्रिक ॲसिडने क्रॉसलिंकिंग (साखळ्या एकमेकींना जोडणं) करून फुगणं कमी होतं, मेणाचा पातळ थरही उपयोगी पडतो. मात्र थर दिलात तर विघटनाची चाचणी थरासकट घ्या. औद्योगिक कंपोस्टिंगच्या ईएन १३४३२ या युरोपीय मानकात सहा महिन्यांत ९० टक्के जैवविघटन लागतं आणि तुकडे होण्याची चाचणी तयार पाकिटावरच घेतली जाते.