घरी ऑक्सिजनवर असलेल्या सीओपीडीच्या रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण 90 टक्के असेल तर प्रवाह वाढवावा का?

स्नेहल_लोकमान्यनगर (इंदूर)

नमस्कार. माझे वडील 74 वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, आहे. थंडीत कफ वाढून धाप लागल्यामुळे त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. आता ते घरी आले आहेत आणि कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे विजेचे यंत्र) नाकातील नळीने मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन चालू आहे. डिस्चार्ज कार्डावर रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण 88 ते 92 टक्के ठेवावे असे लिहिले आहे, परंतु ते इतके कमी का, हे तेथे कोणी समजावून सांगितले नाही.

माझा दादा पुण्याहून रोज फोनवर आकडा विचारतो आणि 90 ऐकले की प्रवाह 4 वर न्यायला सांगतो, कारण 94 च्या खाली गेले की धोका, हे कोविडच्या काळात आपण सर्वांनीच पाठ केले होते. मी कार्डाप्रमाणेच चालले आहे, पण बाबा संडासला जाऊन आले की त्यांना दम लागतो आणि तेव्हा माझाही धीर सुटतो. ऑक्सिमीटर तर कधी 84 दाखवतो आणि क्षणात 91. बाकी ते जेवतात, बोलतात; सकाळी डोके जड असल्याचे सांगतात आणि दुपारी फार झोपतात, पण ते वयोमानाने असावे असे घरात सर्वांना वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_स्टाफ_नर्स

स्नेहलताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. सीओपीडीच्या रुग्णाचे सकाळी डोके दुखणे आणि दिवसा गुंगी येणे हे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असल्याचे लक्षण असू शकते, आणि ऑक्सिमीटर हा वायू मुळीच मोजत नाही. त्यामुळे आकडा 91 असतानाही रुग्ण बिघडत असू शकतो. आजच डॉक्टरांना फोन करून ही दोन्ही लक्षणे सांगा आणि धमनीतील रक्ताची वायुतपासणी, म्हणजे एबीजी, करावी का ते विचारा. बाबा हाक मारूनही नीट जागे होत नसतील, असंबद्ध बोलत असतील किंवा पुढे धरलेले हात फडफडत असतील, तर फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आता 88 ते 92 विषयी. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा पोहोचत नाही, तेथील रक्तवाहिन्या शरीर आपणहून आकसून घेते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवते. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की त्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा निकामी भागातून फिरू लागते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडता परत येतो; शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन हा वायू कमी धरून ठेवते. जास्त ऑक्सिजनने श्वास घेण्याची प्रेरणाच मंदावते, एवढेच आम्हाला प्रशिक्षणात शिकवले जात असे. ते अगदीच खोटे नाही, पण मोठा वाटा वरच्या कारणांचा आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानियामध्ये रुग्णवाहिकेतील 405 रुग्णांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. मोजूनमापून 88 ते 92 च्या मर्यादेत ऑक्सिजन दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. कोविडचा 94 चा आकडा मुख्यतः आधी फुफ्फुसे धड असलेल्या माणसांसाठी होता. दादांना हे अवश्य वाचायला द्या. ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याची मात्रा डॉक्टर ठरवतात. मात्र माझे हे लिहिणे वाचून तुम्ही प्रवाह आपल्या मनाने कमीही करू नका. ऑक्सिजन एकदम बंद केल्यास प्रमाण पूर्वीपेक्षाही खाली जाऊ शकते.

ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी हात चोळून गरम करा, कारण माळव्याच्या थंडीत गार पडलेल्या बोटांवर तो हमखास कमी आकडा दाखवतो. नखांवर रंग किंवा मेंदी असेल तर दुसरे बोट घ्या. हात स्थिर ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा आणि आकडा ठरला की मगच नोंदवा. त्याच वेळी श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पण बाबांना न सांगता. नाडी पाहत असल्याचा बहाणा करावा, कारण मोजले जात आहे हे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. स्वस्थ बसलेले असताना श्वास 25 च्या वर राहू लागला, मानेचे स्नायू ताणले जाऊ लागले किंवा एक वाक्य एका दमात पुरे होईना, तर आकडा काहीही असो, डॉक्टरांना कळवा. वॉर्डात आम्ही आधी रुग्णाकडे पाहत असू आणि यंत्राकडे नंतर.

श्वसन_फिजिओ_बडोदा

सिस्टरांशी सहमत. हालचालीनंतर दम लागला तर प्रवाह वाढवण्याआधी त्यांना खुर्चीवर बसवून, समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकवून पुढे झुकू द्यावे. नाकाने श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून, घेण्याच्या दुप्पट वेळ लावत सोडावा. त्यामुळे श्वासनलिका लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. हे बाबा शांत असताना रोज करून घ्या, धाप लागल्यावर नवीन काही शिकता येत नाही. चालताना प्रवाह वेगळा हवा का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आंघोळ स्टुलावर बसून करावी, जेवण थोडे थोडे आणि बसूनच द्यावे.

रामबागचा_जुना

आमच्या आईला घरी ऑक्सिजन होता, तेव्हा सर्वांत मोठी काळजी विजेची असे, कारण वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो; म्हणून भरलेला सिलिंडर जवळ ठेवावा. 2 लिटरच्या प्रवाहाला सुमारे 1500 लिटरचा भरलेला बी टाइप सिलिंडर कागदोपत्री साडेबारा तास पुरतो. तो उभा, साखळीने बांधून ठेवावा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूने गुलाल दूरपर्यंत उडतो, तेव्हा खिडक्या बंद ठेवाव्यात. आणि आम्ही आईला कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगायला देत असू आणि नळीने नाक कोरडे पडू नये म्हणून नाकपुडीत तूप लावत असू. तिला पुष्कळ आराम पडे.

निवृत्त_स्टाफ_नर्स

काका, सिलिंडरचा हिशेब उत्तम, पण तुपाला माझा विरोध आहे. ऑक्सिजनच्या सान्निध्यात तूप, खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नये; हे पदार्थ तेथे सहज पेट घेतात आणि नाकातून फुफ्फुसात उतरले तर वेगळाच न्यूमोनिया होतो. पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती बोटाच्या टोकावर घेऊन लावावी. कापूर हुंगून नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, परंतु त्याने रक्तातील ऑक्सिजन वाढत नाही. देवघरातील निरांजन आणि उदबत्ती बाबांच्या खोलीपासून दूर असू द्या, आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला घराबाहेर पाठवा. याबाबत भीड बाळगू नये.

स्नेहल_लोकमान्यनगर (इंदूर)

सर्वांचे आभार. एबीजीमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढलेला निघाला. डॉक्टरांनी प्रवाह 1 लिटरवर आणला आहे, रात्रीसाठी बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) सुरू केला आहे आणि आता दादाही आकड्याऐवजी बाबा किती झोपले ते विचारतो. फक्त मास्कमुळे नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो आणि बाबा तो काढून टाकतात. काय करावे?

निवृत्त_स्टाफ_नर्स

पट्टे फार आवळलेले असावेत. पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. थोडी हवा गळली तरी चालते, फक्त ती डोळ्यांत जाऊ नये. मास्क लावण्याआधी नाकाच्या हाडावर हायड्रोकोलॉइड पट्टीचा (कातडीचे रक्षण करणारी मऊ चिकटपट्टी) तुकडा चिकटवा. दाब दिल्यावरही लाली जात नसेल किंवा कातडी सोलली असेल, तर मास्कचा आकार बदलून घ्यावा लागेल. पहिल्या काही दिवसांत दिवसा, बाबा जागे असताना, अर्धा-पाऊण तास मास्क लावून जवळ बसा, म्हणजे रात्री तो परका वाटणार नाही. जेवणानंतर लगेच मात्र लावू नका, आणि उलटी होईलसे वाटले तर मास्क आधी काढायचा, हे घरातील प्रत्येकाला दाखवून ठेवा.