ओव्हरअ‍ॅक्टिंग: पाहिलेली, केलेली, सोसलेली

भडक, बटबटीत, आक्रस्ताळं, नाटकी, नौटंकी, थयथयाट, सोंगं. शब्द भरपूर, पण प्रत्येकाची जात वेगळी. आक्रस्ताळं कानाला लागतं, बटबटीत डोळ्यांना. 'नाटकी' मात्र मला खटकतो, चांगल्या नाटकवाल्यांनी काय घोडं मारलंय? असो. आपापले किस्से येऊ द्या. नटांची नावं नकोत.

हौशी नट: माझंच सांगतो. एकांकिका स्पर्धा होती. वडील गेल्याची तार वाचायची, घडी घालायची, खिशात ठेवायची, एवढंच काम. प्रयोगाला पडदा वर गेला आणि तिसऱ्या रांगेत मामा-मामी दिसले. झालं! तार चुरगाळली, कपाळ बडवलं, धाडकन गुडघ्यांवर बसलो, उठताना नेपथ्याच्या दाराला धरलं तर दार माझ्यासकट आडवं. हशा. त्यातून पुढचं वाक्य तारेतला पत्ता वाचण्याचं, आणि तारेचे दोन तुकडे. विंगेतून दिग्दर्शक दातओठ खात म्हणाले, "अरे, तार तुला आलीय, शेवटच्या रांगेला नाही!"

जुना प्रेक्षक: शेवटच्या रांगेला इतकं हसू नका. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं तेव्हा माईक नव्हता, विजेचे दिवे नव्हते. राक्षस आरोळ्या ठोकतच यायचे, म्हणून तसल्या नाटकांना 'अललडुर्र' नाव पडलं. पुढे मूकपटात तर सगळा कारभार डोळ्यांवर आणि हातांवर. 1931 ला बोलपट आला, आवाज मिळाला, पण हात लगेच खाली येतात होय? आमचे आजोबा संगीत नाटकांचे वेडे. पाणी मागायचे तेही पल्लेदार वाक्यात, आणि पाणी येईपर्यंत हात हवेतच.

चार वर्षांच्या नटीची आई: आमचं रत्न पडलं की आधी कोणी बघतंय का ते पाहतं. मी स्वयंपाकघरात असेन तर उठून, गुडघा झटकून, आत येतं आणि तिथे पुन्हा बसून भोकाड पसरतं. सासूबाई म्हणतात, "पुरे ती सोंगं." पण हसतात, म्हणून प्रयोग चालूच.

साउंडवाला: सेटवर आम्ही 'मीटर वर गेलाय, खाली घे' म्हणतो. क्लोजअपमध्ये भुवई जरा हलली तरी पडद्यावर हातभर उडते. पण मालिकेत उलटी सूचनाही येते, "थोडं लाऊड कर." का, तर लोक भाजी निवडता निवडता नुसतं ऐकतात. शिव्या मात्र नटाच्या वाट्याला.

मी अंडरप्लेवाली: याला घाबरून काही जण चेहऱ्यावरची माशीही हलू देत नाहीत, आणि त्याला संयत अभिनय म्हणायचं! आमच्यात त्याला ठोकळा म्हणतात. त्यापेक्षा तारवाले दादा परवडले. दादा, पत्त्याचं काय झालं पुढे?

हौशी नट: पोस्टमन झालेल्या मित्राने पाठ म्हणून दाखवला. आणि बक्षीस मिळालं हो, उत्तेजनार्थ. नेपथ्याला.